हॉकी खेळताय आणि जोडीला दुसरा खेळही: कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून माजी विद्यार्थी होईपर्यंत काय सांभाळायचं

कोल्हापुरात एकच खेळ खेळणारा पोरगा शोधूनच काढावा लागतो. सकाळी हॉकी स्टेडियमवर स्टिक घेऊन उतरलेला खेळाडू संध्याकाळी पेठेच्या संघाकडून फुटबॉल खेळतो, आणि कॉलेजच्या मैदानी स्पर्धेत चारशे मीटरच्या यादीतही त्याचं नाव असतं. मुलींच्या हॉकी संघात निम्म्याजणी हँडबॉल किंवा खो-खोतून आलेल्या सापडतील. ही सवय मोडायची काही गरज नाही. दुसऱ्या खेळानं हॉकीपटू घडतो, फक्त तो खेळ नीट निवडला पाहिजे आणि वेळेत बसवला पाहिजे.

दोन खेळ खेळणाऱ्याचं खरं नुकसान मैदानाबाहेर होतं. तारखा एकमेकींवर आदळतात, अर्ज एका खेळाचा भरला जातो आणि दुसऱ्याचा राहतो, प्रमाणपत्रावर नाव चुकतं. पुढं टीसी हातात पडली की विद्यार्थी ‘माजी’ होतो, आणि तोपर्यंत जे कागद गोळा केले तेवढेच त्याचे उरतात. म्हणून या लेखात सरावाइतकीच जागा कागदांना दिली आहे.

मुख्य खेळ जूनमध्येच ठरवा

शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. कॉलेजचा संघ आधी विभागीय स्पर्धा खेळतो, तिथून आंतरविभागीय, आणि त्यातल्या कामगिरीवर विद्यापीठ संघाचं शिबिर लागतं. विद्यापीठाचा संघ मग पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीय फेरीत जातात, आणि तिथले आघाडीचे संघ खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्सला. ते गेम्स २०२० साली भुवनेश्वरला पहिल्यांदा झाले. एवढी शिडी एका शैक्षणिक वर्षात चढायची असते. पावसाळ्यात सुरू झालेला हॉकीचा हंगाम चांगल्या संघासाठी थेट हिवाळ्याच्या शेवटापर्यंत लांबतो.

नेमका त्याच हिवाळ्यात शाहू स्टेडियमवर केएसएचा (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा) फुटबॉल हंगाम रंगात येतो. विद्यापीठाचं शिबिर आणि पेठेचा महत्त्वाचा सामना एकाच आठवड्यात आले की खेळाडूची ओढाताण सुरू होते. तालमीत लहानपण गेलेलं असतं, तिथल्या वडीलधाऱ्यांना नाही म्हणवत नाही. ते नाही सामन्याच्या आदल्या रात्री सांगितलं तर अपमान वाटतो. तेच जूनमध्ये सांगितलं तर कारभारी दुसरा खेळाडू तयार ठेवतात.

मोठ्या खेळाडूंनाही हे चुकलेलं नाही. मद्रासचे एम. जे. गोपालन भारताकडून हॉकी आणि क्रिकेट दोन्ही खेळले. १९३५ साली ते ध्यानचंदांबरोबर न्यूझीलंडच्या हॉकी दौऱ्यावर होते. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिक आणि क्रिकेट संघाचा इंग्लंड दौरा एकाच उन्हाळ्यात आले. त्यांनी क्रिकेट निवडलं. इंग्लंडमध्ये त्यांना एकही कसोटी मिळाली नाही, आणि तिकडं बर्लिनमध्ये हॉकी संघानं सुवर्णपदक जिंकलं. त्यांचा निर्णय चुकला असं म्हणायचं नाही. पण दोन्ही खेळांत वरच्या दर्जाचा असलेल्या माणसालाही एक दिवस एकच पिशवी भरावी लागते.

तेव्हा काम असं करा. बारा महिन्यांचं वेळापत्रक एका कागदावर काढा. लाल रंगात परीक्षा, अंतर्गत चाचण्या आणि प्रॅक्टिकल, निळ्यात हॉकी, हिरव्यात दुसरा खेळ. लाल आणि निळा जिथं एकत्र येतील तिथं जिमखान्याचं पत्र स्पर्धेला जाण्याआधी विभागप्रमुखांकडे पोचवा आणि पोच घ्या. परत आल्यावर ‘सर, मी खेळायला गेलो होतो’ म्हणून केलेल्या अर्जाला फार थोड्या ठिकाणी दाद मिळते. निळा आणि हिरवा जिथं भिडतील तिथं काय करणार, हे दोन्ही प्रशिक्षकांना एकाच मजकुराचा मेसेज करून कळवा. तोंडी सांगितलेलं दोघंही आपापल्या सोयीनं लक्षात ठेवतात.

दुसरा खेळ कोणता धरावा

हॉकीचं मैदान ९१.४० बाय ५५ मीटर असतं, आणि सामना पंधरा मिनिटांच्या चार सत्रांचा. राखीव खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येत असल्यानं खेळाडू थोडा वेळ मैदानात राहतो, पण तेवढ्या वेळात जीव तोडून पळतो. त्यामुळे हॉकीला सगळ्यात चांगला सोबती म्हणजे मैदानी खेळातली ४०० आणि ८०० मीटर शर्यत. वेग टिकवायची सवय लागते, हाताला-मनगटाला काही वाईट वळण लागत नाही, आणि स्पर्धा दोन-तीन दिवसांत उरकते. दहा हजार मीटर किंवा क्रॉस कंट्री मात्र हॉकीच्या हंगामात नको. लांब पळण्यानं दम वाढतो, पण पहिल्या पाच मीटरची झेप बोथट होते, आणि हॉकीत चेंडू त्या पाच मीटरमध्येच मिळतो किंवा जातो.

फुटबॉल हा कोल्हापुरातला स्वाभाविक जोडीदार. जागा शोधणं, पास देऊन पुढं सरकणं, मधल्या फळीतलं भान हे सगळं जसंच्या तसं हॉकीत उतरतं. दोन सवयी मात्र त्रास देतात. पहिली, अंगावर येणारा चेंडू पायानं थांबवणं. हॉकीत गोली सोडून इतर खेळाडूनं पाय लावला आणि त्याचा फायदा झाला की फाऊल, आणि स्वतःच्या डीमध्ये (गोलसमोरच्या अर्धवर्तुळात) असाल तर पेनल्टी कॉर्नर. दुसरी सवय अधिक खोल असते: चेंडू आणि प्रतिस्पर्धी यांच्या मध्ये पाठ घालून उभं राहणं. फुटबॉलमध्ये ही कला आहे, हॉकीत ते ऑब्स्ट्रक्शन, म्हणजे अडथळ्याचा फाऊल, ठरतं. फुटबॉलहून आलेल्या खेळाडूला पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटं एकच सराव द्या. चेंडू शरीराच्या उजवीकडे, समोरच्या बाजूला ठेवून प्रतिस्पर्ध्याकडे तोंड करूनच वळायचं. पाठ दिसली की चेंडू समोरच्याचा. महिन्याभरात पाठ द्यायची सवय सुटते.

गोलरक्षकाचं आणखी वेगळं. फुटबॉलचा गोली चेंडू पकडतो, छातीशी धरतो. हॉकीच्या गोलीला चेंडू धरून ठेवता येत नाही, तो पायाच्या किकरनं किंवा पॅडनं बाजूला काढायचा असतो. सवयीनं अंगाखाली चेंडू दाबला की पेनल्टी कॉर्नर, आणि त्यामुळे गोल हुकला असं पंचाला वाटलं तर पेनल्टी स्ट्रोकही. एकाच हंगामात दोन्हीकडे गोली राहायचं असेल तर हॉकीच्या प्रत्येक सरावाची सुरुवात हात पाठीमागं बांधून नुसत्या पायानं वीस चेंडू अडवण्यानं करा.

क्रिकेटवाल्याचा दोष हातात दिसतो. फलंदाज खालच्या, म्हणजे उजव्या हातानं जोर लावतो. हॉकीत वरचा डावा हात स्टिक फिरवतो. उजव्या हातानं फक्त आधार द्यायचा, पकड सैल ठेवायची. उजवी पकड आवळली की स्टिक फिरत नाही, रिव्हर्सला (स्टिक उलटी फिरवून खेळताना) चेंडू मागच्या गोल बाजूला लागतो आणि शिट्टी वाजते. हे पाहायचं असेल तर खेळाडूचा उजवा तळहात सरावानंतर बघा. तर्जनीच्या बुडाशी फोड आला असेल तर तो अजून बॅटच धरतोय. डाव्या तळहातावर, करंगळीकडच्या बाजूला घट्टा पडायला लागला की पकड जागेवर आली. डावखुऱ्या फलंदाजानं हेही लक्षात ठेवावं: हॉकीत डाव्या हाताची स्टिक मिळत नाही, नियमच तसा आहे. वरती डावा हात सगळ्यांचाच.

हँडबॉल आणि खो-खो दोन्ही चांगले. खो-खोच्या खेळाडूला वाकून पळायची सवय असते आणि दिशा बदलायला तो कचरत नाही. कबड्डी चालते, पण बोटं आणि खांदा सांभाळा. पट्टी बांधलेल्या बोटानं स्टिक धरली की पकड बिघडते आणि ती पुन्हा जमायला महिना जातो.

कुस्तीबद्दल जपून लिहावं लागतं, कारण हे कुस्तीचं गाव आहे. ताकद, मान, कंबर, सगळं कुस्तीतून मिळतं. अडचण वजनाची आहे. गटात बसायला तीन-चार किलो उतरवायचे आणि त्याच आठवड्यात हॉकीचा सामना खेळायचा, हे करू नका. अंगात पाणी नसलेला खेळाडू तिसऱ्या सत्रात पेटके येऊन बसतो. वजनाच्या दिवसापासून पुढचे निदान पाच दिवस हॉकीचा सामना नको.

आठवडा कसा मोजायचा

‘खूप दमलोय’ यापेक्षा आकडा बरा. प्रत्येक सरावानंतर साधारण अर्ध्या तासानं स्वतःला विचारा: एक ते दहात किती अवघड गेलं? तो आकडा गुणिले सरावाची मिनिटं, एवढाच त्या दिवसाचा भार. वहीत लिहायला एक मिनिट लागतं.

हॉकी मुख्य, फुटबॉल दुसरा, असा एक आठवडा पाहा. सोमवारी विश्रांती. मंगळवारी हॉकी ७५ मिनिटं, अवघडपणा ६, म्हणजे ४५०. बुधवारी फुटबॉलचा हलका सराव ६० मिनिटं, ५ नं ३००. गुरुवारी हॉकी ७५ मिनिटं, ७ नं ५२५. शुक्रवारी ४५ मिनिटं, ४ नं १८०. शनिवारी हॉकीचा सामना, वॉर्म-अप धरून ८० मिनिटं, ८ नं ६४०. रविवारी पेठेचा पूर्ण फुटबॉल सामना ९० मिनिटं, ८ नं ७२०. बेरीज २८१५. आधीच्या आठवड्यात हाच खेळाडू १९०० वर असेल तर त्यानं एका आठवड्यात भार जवळजवळ निम्म्यानं वाढवला. मांडीचा मागचा स्नायू अशाच आठवड्यानंतर धरतो, आणि दोष मंगळवारच्या सरावाला दिला जातो.

दुरुस्ती साधी आहे. रविवारी एकच हाफ खेळा: ४५ मिनिटं, ७ नं ३१५, बेरीज २४१०. तीसुद्धा १९०० च्या मानानं जास्तच, म्हणून गुरुवारचा सराव कमी करून २१०० ते २२०० च्या आसपास आणा. आठवड्याला दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त चढू नका, दोन पूर्ण सामन्यांत ४८ तास ठेवा, आणि आठवड्यातला एक दिवस कोणत्याही खेळाला द्यायचा नाही. दोन प्रशिक्षकांना एकमेकांचा सराव दिसत नाही. ही वही दोघांनाही दाखवायची ती त्यासाठीच.

दुखापती टाळण्याच्या व्यायामात तीन गोष्टी सोडू नका. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी नॉर्डिक: गुडघ्यावर बसून, जोडीदारानं घोटे धरलेले, अंग सरळ ठेवून शक्य तितकं सावकाश पुढं झुकायचं. दोन सेट, पाच-पाच वेळा, आठवड्यातून दोनदा. पण सामन्याच्या आदल्या दिवशी नाही, कारण पहिले काही आठवडे मांडी जबर दुखते. घोट्यासाठी एका पायावर डोळे मिटून ३० सेकंद, दोन्ही पाय, रोज. कंबरेसाठी साइड प्लँक, दोन्ही बाजूंनी ३० सेकंदांचे तीन. हॉकीपटू तासन्‌तास वाकलेला असतो, आणि गुडघे न वाकवता नुसत्या कमरेतून वाकणाऱ्याची पाठ विशीतच बोलायला लागते.

पाण्याचा हिशेब वजनकाट्यावर कळतो. सरावाआधी आणि नंतर वजन करा. ६० किलोच्या खेळाडूचं १.२ किलोपेक्षा जास्त उतरलं तर तो कमी पाणी प्यायला. जेवढे किलो उतरले त्याच्या दीडपट लिटर पाणी पुढच्या काही तासांत, थोडं थोडं करून प्यायचं. उन्हाळ्यात लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा धरून. मिठाचा अंदाज डोळ्यानं घेऊ नका. खाण्याबाबत कोल्हापूरचा खेळाडू नशीबवान आहे: सरावानंतर गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचं अर्धा लिटर दूध, दोन केळी आणि घरी भाकरी-उसळ मिळाली तर वेगळ्या डब्यातली पावडर लागत नाही. तांबडा रस्सा सामन्यानंतर. सामन्याआधी तीन तास तिखट-तेलकट टाळा.

सामान

थोडक्यात. फुटबॉलचे स्टड घालून हॉकीच्या टर्फवर पाऊल ठेवू नका. टर्फ फाटतं, आणि स्टड अडकून गुडघाही फिरतो. लहान-लहान रबरी दाण्यांचे टर्फ शूज वेगळे ठेवा. मोठ्यांची स्टिक बहुधा ३६.५ इंची असते. वजनाची कमाल मर्यादा ७३७ ग्रॅम. फुटबॉलचे शिनगार्ड छोटे असतात. हॉकीला घोट्याचं हाड झाकणारे लागतात. माउथगार्ड आणि डाव्या हाताचा ग्लोव्ह यावर काटकसर करू नका. पावसाळ्यात ओली स्टिक पिशवीत कोंबून ठेवली की ग्रिप सुटते. पुसा, ग्रिप मोकळी करून वाळवा.

कागद: दरवर्षी, दर खेळाला वेगळे

एका वर्षी दोन खेळांत कॉलेजकडून खेळायला हरकत नसते, पण प्रत्येक खेळाचा पात्रता अर्ज स्वतंत्र असतो. हॉकीचा भरला म्हणून फुटबॉलचा आपोआप होत नाही. जुलैमध्येच जिमखान्यात जाऊन दोन्ही भरा. जोडीला दहावीचं प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी), बारावीची आणि मागच्या वर्षाची गुणपत्रिका, चालू वर्षाची फी पावती, बोनाफाईड, आधार आणि पासपोर्ट आकाराचे आठ-दहा फोटो. पीआरएन नंबर (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) पाठ करा. तो प्रत्येक कागदावर लागतो, आणि एक आकडा चुकला की अर्ज परत येतो.

पात्रता अडते ती ठरलेल्या ठिकाणी. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या स्पर्धांना नियमित, पूर्ण वेळ शिकणारा विद्यार्थीच चालतो. बहिःस्थ किंवा दूरशिक्षणाचा चालत नाही. पूर्ण वेळ नोकरी करणारा चालत नाही. अभ्यासक्रम निदान एका शैक्षणिक वर्षाचा हवा, म्हणून तीन महिन्यांच्या सर्टिफिकेट कोर्सला नाव घालून खेळता येत नाही. वय १ जुलैला मोजतात, आणि बारावीनंतर किती वर्षं उलटली तेही पाहतात. एका शैक्षणिक वर्षात एकाच विद्यापीठाकडून खेळता येतं. एटीकेटीवर (काही विषय राहिलेले असताना) पुढच्या वर्षात प्रवेश मिळाला असेल तर तुम्ही नियमित विद्यार्थीच. इयर डाऊन होऊन घरी बसून फक्त पेपर देणारा नियमित नाही. नवीन वर्षाचं परिपत्रक जिमखान्याच्या फलकावर लागतं, ते स्वतः वाचा, मित्राच्या तोंडून ऐकू नका. अपात्र खेळाडू सापडला की शिक्षा त्या एकट्याला होत नाही, संघाचा निकाल जातो.

प्रमाणपत्र हातात आलं की तिथंच, बस सुटायच्या आधी, पाच गोष्टी तपासा. तुमचं नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच, त्याच क्रमानं आहे का: ‘सुनिल’ आणि ‘सुनील’ ही संगणकाला दोन माणसं वाटतात. खेळाचं नाव आणि गट. स्पर्धेच्या तारखा आणि ठिकाण. संघाचा क्रमांक स्पष्ट लिहिला आहे की नुसतं ‘सहभाग’. सही आणि शिक्का, दोन्ही. चूक असेल तर संघ व्यवस्थापकाला त्याच दिवशी दाखवा, कारण आयोजक संस्थेचा स्पर्धा विभाग सामने संपले की पांगतो. दोन वर्षांनी परराज्यातल्या विद्यापीठाला पत्रं लिहून एक वेलांटी दुरुस्त करून घेणं फार जिवावर येतं.

प्रत्येक वर्षाची एक प्लास्टिक फाईल ठेवा, खेळ वेगळे करून: प्रमाणपत्र, संघनिवडीची यादी, शिबिराचं पत्र, सामन्याचं कात्रण. निवड यादीला लोक किंमत देत नाहीत, पण प्रमाणपत्राबद्दल शंका आली तर तुम्ही खरंच संघात होता हे त्या यादीवरूनच सिद्ध होतं. सगळं स्कॅन करून स्वतःला ईमेल करा. कोल्हापूरकरांना २०१९ आणि २०२१ चा पूर सांगायला नको. पंचगंगेच्या पाण्यात कपाटातले कागद गेले की कोणताही जिमखाना ते परत देऊ शकत नाही.

तुम्ही ‘माजी’ नेमके कधी होता

शेवटचा पेपर दिला त्या दिवशी नाही, आणि निरोप समारंभाच्या दिवशीही नाही. शेवटच्या वर्षाचा निकाल लागतो आणि पुढच्या वर्षी तुमचा नियमित प्रवेश कुठंही नसतो, तेव्हा तुम्ही खेळाच्या हिशेबानं माजी झालात. टीसी काढली की मग कॉलेजच्या दृष्टीनं दार बंद. म्हणून पदव्युत्तर शिक्षण घेणार असाल तर दोन प्रवेशांमध्ये वर्ष रिकामं सोडू नका. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं, ऑनर्सचं वर्ष करता येतं. चौथं वर्ष करणारा खेळाडू आणखी एक हंगाम आजी विद्यार्थी राहतो. वयाच्या अटीत बसत असाल आणि विद्यापीठ संघाच्या उंबरठ्यावर असाल तर हा विचार जरूर करा, पण त्या विषयात खरोखर रस असेल तरच. दुसऱ्या विद्यापीठात जाणार असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेटचा अर्ज निकालाच्या आठवड्यातच करा.

टीसी घेण्याआधीच्या शेवटच्या पंधरवड्यात जिमखान्यात दोन चकरा मारा. पहिली चक्कर राहिलेली प्रमाणपत्रं आणि युनिव्हर्सिटी कलर (विद्यापीठ संघाकडून खेळल्याचा मान) मिळाला असेल तर त्याचा दाखला घ्यायला. दुसरी एका पत्रासाठी: तीन वर्षांत कोणत्या वर्षी, कोणत्या खेळात, कोणत्या स्तरावर खेळलात याचं कॉलेजच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासह पत्र. जिमखान्याचे शिक्षक बदलतात, निवृत्त होतात, दप्तर दुसऱ्या खोलीत हलतं. आज जे सर तुम्हाला नावानं हाक मारतात ते पाच वर्षांनी तिथं असतीलच असं नाही.

केंद्र सरकारच्या खेळाडू भरतीत ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र मागतात, आणि ते स्तराप्रमाणे बदलतं. आंतरराष्ट्रीय खेळाडूसाठी नमुना १, राष्ट्रीय महासंघाच्या सचिवाच्या सहीचा. राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळला असाल तर नमुना २, राज्य संघटनेच्या सचिवाचा. विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ खेळला असाल तर नमुना ३, आणि त्यावर सही विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या मुख्य अधिकाऱ्याची लागते, कॉलेजच्या प्राचार्यांची नाही. ही चूक दरवर्षी होते. विद्यार्थी असतानाच नमुना ३ भरून सही घेऊन ठेवा.

महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, आणि त्याचा आधार १ जुलै २०१६ चा शासन निर्णय व त्यात पुढं झालेल्या सुधारणा. इथं प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालक, क्रीडा व युवक सेवा यांच्याकडून होते. स्पर्धेचा स्तर आणि तुमचा क्रमांक दोन्ही पाहून तुम्ही कोणत्या गटाच्या पदाला पात्र ते ठरतं. तिथं नुसत्या सहभागावर विसंबून राहू नका. पडताळणीला वेळ लागतो. जाहिरात निघाल्यावर धावाधाव करणाऱ्यांची शेवटची तारीख हुकते, म्हणून पदवीच्या वर्षातच अर्ज करून अहवाल हातात ठेवा.

दोन खेळ खेळणाऱ्यानं इथं एक गोष्ट ओळखावी. दोन खेळांची प्रमाणपत्रं एकत्र जोडून एक मोठं प्रमाणपत्र होत नाही. हॉकीत आंतरविभागीय आणि फुटबॉलमध्ये आंतरविभागीय, म्हणून आंतरविद्यापीठ झालं असं कुणी धरत नाही. ज्या एका खेळात तुम्ही सगळ्यात वर गेलात तोच मोजला जातो. शिवाय रेल्वेसारख्या ठिकाणी प्रत्यक्ष चाचणी घेतात. कागद हॉकीचा आणि गेली दोन वर्षं फक्त फुटबॉल खेळलात, तर टर्फवर पहिल्या पाच मिनिटांत ते दिसतं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी फाईल समोर घेऊन बसा आणि तिसऱ्या वर्षी कोणत्या खेळाला वर न्यायचं ते ठरवा. दुसरा खेळ सोडायचा नाही, त्याला फक्त सुट्टीच्या दिवसांत ठेवायचं.

आणि फाईल पातळ असली तरी मैदान सोडू नका. कॉलेजचा संघ सुटला की क्लबमार्फत हॉकी महाराष्ट्रच्या संलग्न संघटनेत नोंदणी करून खुल्या गटात खेळता येतं. त्या नोंदणीलाही जन्मतारखेचा पुरावा आणि ओळखपत्रं लागतात, म्हणजे तीच फाईल.

माजी विद्यार्थी संघ आणि आजी-माजी सामना

बहुतेक कॉलेजांत आता नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघ असतो, कारण नॅकच्या (कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण आहेत. नाव नोंदवताना फक्त शाखा आणि वर्ष लिहून थांबू नका. खेळ लिहा, दोन्ही खेळ लिहा. हॉकीच्या यादीत एक आणि फुटबॉलच्या यादीत एक असं दोनदा नाव पडलं तरी हरकत नाही. उद्या जिमखान्याला गोली हवा असेल तर तो त्याच यादीत शोधतात.

खेळाडू आणि कॉलेज यांचं नातं टीसीनं तुटत नाही, हे कोल्हापूरनं फार आधी दाखवलंय. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. माजी खेळाडूंनी आपल्या ऐपतीप्रमाणे तीच वाट धरावी. पैसे द्यायचे तर माजी विद्यार्थी संघाच्या बँक खात्यात, पावती घेऊन द्या. वस्तू द्यायची तर आधी जिमखान्याला विचारा. गोलीचं किट, चेंडू आणि पेनल्टी कॉर्नरचे फेसमास्क यांचीच नेहमी टंचाई असते, करंडक पुरेसे असतात.

आजी-माजी सामना घ्यायचा असेल तर पावसाळा संपल्यावरचा रविवार, सकाळी आठच्या आत. पूर्ण मैदानावर अकरा-अकरा नको. अर्ध्या मैदानावर सात-सात जण, दहा मिनिटांची चार सत्रं, मध्ये पाच मिनिटांची विश्रांती. आजी एकीकडे आणि माजी दुसरीकडे असं न करता दोन्ही संघ मिसळून करा. नाहीतर पंचेचाळीस वर्षांचा बचावपटू एकोणीस वर्षांच्या फॉरवर्डच्या मागं पळतो आणि टाचेवरची शीर तटकन तुटते. पहिला वेगवान पळ घेण्याआधी वीस मिनिटं वॉर्म-अप सगळ्यांना सक्तीचा. बऱ्याच वर्षांनी उतरणाऱ्यानं त्याआधी तीन आठवडे, आठवड्यातून तीनदा, पळून यावं. ज्याला रक्तदाब, मधुमेह किंवा छातीचा त्रास आहे त्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्टिक हातात घेऊ नये.

ड्रॅग-फ्लिक (चेंडू स्टिकवर ओढत जोरात उचलून मारणं) आणि खांद्यावरून उचललेला हिट बंद ठेवा, पेनल्टी कॉर्नर पुश करूनच. शिनगार्ड आणि माउथगार्ड नसेल त्याला मैदानात घेऊ नका, मग तो कितीही जुना कर्णधार असो. पंच दोन, प्रथमोपचाराची पेटी, बर्फाचा डबा, आणि १०८ ला फोन कोण करणार त्याचं नाव आधी ठरवलेलं. टर्फ आदल्या दिवशी सांगून नीट ओलं करून घ्या. कोरड्या टर्फवर पडलं की गुडघ्याची कातडी जाते. सामना झाला की गुणपत्रकाची एक प्रत जिमखान्याच्या दप्तरात लावा, हजर राहिलेल्यांचे बदललेले फोन नंबर यादीत भरा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लंगडत घरी गेलेल्या प्रत्येकाला एक फोन करा.